कॉम्प्युटर बोर्ड ओळखत नाही? "मेला" म्हणायच्या आधी हे करा

आजचा धडा दुकानदारांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी आहे आणि घरी छोटे कंट्रोलर बनवून विकणाऱ्यांसाठीही आहे. व्हिडिओत मी हाताने करून दाखवतो, पण पायऱ्या क्रमाने लिहिलेल्या असल्या की काउंटरवर बघून काम करता येतं. म्हणून हा लेख. मोबाइलवर सेव्ह करून ठेवा किंवा सरळ प्रिंट काढून टेबलाजवळ चिकटवा.

विषय रोजचा आहे. गिऱ्हाईक अर्डुइनो उनो, नॅनो नाहीतर नोडएमसीयू घेऊन येतं आणि म्हणतं, "दादा, लॅपटॉप ओळखतच नाही. बदलून द्या." दुकानदारही घाईत असतो. तो बदलून देतो, नाहीतर "आम्ही तपासूनच देतो" म्हणून हात वर करतो. दोन्हीत नुकसान आहे. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात गिऱ्हाईक जातं.

आधी हिशोब करू. समजा क्लोन नॅनो तुम्हाला २०० रुपयांना पडतो आणि तुम्ही तो २५० ला विकता. एका नगामागे ५० रुपये सुटतात. चांगला बोर्ड खराब समजून एकदा बदलून दिला की २०० रुपये गेले, म्हणजे चार बोर्डांचा नफा गेला. महिन्याला असे पाच बोर्ड झाले तर वीस बोर्ड तुम्ही फुकट विकले. तपासायला लागतात दहा मिनिटं. आता तुम्हीच ठरवा.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट त्या बोर्डातला प्रोग्रॅम असते. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी समजून घ्या: "ओळखणं" म्हणजे नक्की काय?

उनो किंवा नॅनोवर दोन वेगवेगळ्या चिप असतात. मोठी चिप काम करते. ती म्हणजे एटीमेगा ३२८पी, आणि तुमचा प्रोग्रॅम तिच्यात राहतो. दुसरी चिप दुभाष्याचं काम करते. कॉम्प्युटर यूएसबी बोलतो, मोठी चिप सिरियल बोलते, आणि ही मधली चिप एकाचं दुसऱ्याला सांगते. अस्सल उनो आर३ वर दुभाष्या म्हणून एटीमेगा १६यू२ असते. जुन्या अस्सल नॅनोवर एफटी२३२ असते. आपल्या बाजारातल्या बहुतेक क्लोन नॅनोवर सीएच३४० असते. नोडएमसीयू आणि ईएसपी३२ च्या बोर्डांवर सीपी२१०२ किंवा सीएच३४० सापडते.

कॉम्प्युटर जो "ओळखतो" तो हा दुभाष्या असतो, मोठी चिप नाही. म्हणून दुभाष्या गप्प झाला तरी मोठी चिप ठणठणीत असू शकते, आणि तिच्यातला प्रोग्रॅमही शाबूत असू शकतो. आजच्या धड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे.

आता यूएसबीच्या तारा बघा. साध्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, पांढरी आणि हिरवी म्हणजे डेटाच्या दोन तारा. बोर्ड लावल्यावर दुभाष्या चिप डेटाच्या एका तारेला दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर खेचते. दारावर टकटक करावी तसं. ती टकटक ऐकली की कॉम्प्युटर विचारतो, "कोण तू?" चिप आपला कंपनी नंबर आणि वस्तू नंबर सांगते. मग कॉम्प्युटर त्या नंबरचा ड्रायव्हर शोधतो, आणि तो मिळाला की कॉम पोर्ट तयार होतो.

म्हणजे क्रम असा: वीज, टकटक, ओळख, ड्रायव्हर, पोर्ट. बिघाड या पाचपैकी कुठल्या पायरीवर आहे ते शोधलं की अर्धं काम झालं.

पायरी पहिली: दिवा आणि बोट

केबल लावा. पॉवरचा दिवा लागला का? लागला तर एवढंच कळलं की लाल आणि काळी तार ठीक आहे. बाकी काही सिद्ध होत नाही. "लाइट लागतेय म्हणजे केबल चांगली आहे" हे गिऱ्हाईक हमखास म्हणतं. ते खरं नाही. चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. दिवा लागतो आणि कॉम्प्युटरला पत्ताही नसतो.

केबल तपासायची सोपी युक्ती. मायक्रो किंवा टाइप-सी केबल असेल तर तीच केबल अँड्रॉइड फोनला लावा. फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला आणि लॅपटॉपवर फोन दिसला, तर डेटाच्या तारा जिवंत आहेत. उनोची चौकोनी केबल प्रिंटरला लावून बघा. नॅनोची मिनी केबल फोनला बसत नाही, त्यासाठी एक चालू नॅनो दुकानात राखून ठेवा. केबल तपासून झाली की तिला हिरवी टेप लावा. माझ्या टेबलावर हिरव्या टेपच्या चार केबल आहेत आणि त्या विकायच्या नाहीत, असं पोरांना बजावून ठेवलंय.

टाइप-सीचे बोर्ड विकत असाल तर आणखी एक गंमत. काही स्वस्त बोर्डांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावलेलेच नसतात. अशा बोर्डाला दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की वीजच मिळत नाही, दिवाही लागत नाही. तोच बोर्ड एका बाजूला साधा चपटा यूएसबी असलेल्या केबलवर मस्त चालतो. बोर्ड परत घ्यायच्या आधी केबल बदलून बघा.

दिवा लागत नसेल किंवा लागून विझत असेल तर चिपवर हलकं बोट ठेवा. चटका बसला तर लगेच केबल काढा, कुठेतरी शॉर्ट आहे. विंडोजवर कधी कधी "पॉवर सर्ज" असा निरोपही येतो. बोर्डाला जोडलेल्या सगळ्या वायरी, सेन्सर, रिले काढा आणि नुसता बोर्ड लावून बघा. पुष्कळदा बोर्ड चांगला असतो, बाहेरच्या जोडणीत शॉर्ट असतो.

नॅनोचा एक खास आजार लक्षात ठेवा. यूएसबी लावली तर दिवा लागत नाही, पण बाहेरून ५ व्होल्ट दिले तर बोर्ड चालतो. असं असेल तर यूएसबीच्या विजेच्या वाटेवरचा छोटा शॉट्की डायोड बघा. नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून मोटर किंवा तीन-चार रिले चालवले की सगळा भार या डायोडवरून जातो आणि तो जातो. मल्टिमीटरने तपासा. डायोड काही रुपयांचा असतो, त्यासाठी पूर्ण बोर्ड टाकू नका.

पायरी दुसरी: डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि यादीकडे बघत केबल लावा

हे जसं लिहिलंय तसंच करा. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा, मग यादीकडे नजर ठेवून केबल लावा. आधी केबल लावून मग यादी उघडली तर काय नवीन आलं ते कळत नाही. चारपैकी एक गोष्ट होईल.

पहिला प्रकार: काहीच होत नाही. आवाज नाही, यादी हलतही नाही. म्हणजे टकटकच झाली नाही. आधी हिरव्या टेपची केबल लावा. मग लॅपटॉपचा दुसरा पोर्ट. मधे हब असेल तर काढा. मग दुसरा कॉम्प्युटर. तरी काही नाही, तर बोर्डावरचा यूएसबीचा सॉकेट भिंगातून बघा. सॉकेटच्या बारीक पायांचं सोल्डर तडकलेलं असतं, विशेषतः केबल वारंवार काढ-घाल होणाऱ्या बोर्डावर. सॉकेट हळूच दाबून धरल्यावर बोर्ड दिसायला लागला तर रोग सापडला.

दुसरा प्रकार: नाव येतं, पण शेजारी पिवळा त्रिकोण असतो. "यूएसबी सिरियल" किंवा "यूएसबी २.० सिरियल" असं काहीतरी दिसतं, आणि त्यावर डबल क्लिक केलं की कोड २८ असतो. मित्रांनो, ही चांगली बातमी आहे! चिप जिवंत आहे, तिने आपलं नाव सांगितलं, फक्त ड्रायव्हर नाही. प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी बघा. कंपनी नंबर १ए८६ असेल तर सीएच३४० च्या घराण्यातली चिप आहे. १०सी४ असेल तर सीपी२१०२ वाली. ०४०३ असेल तर एफटीडीआय. २३४१ असेल तर अर्डुइनोचा स्वतःचा नंबर. त्या चिपच्या कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एकात" म्हणणारी पॅकेजं गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर चढवू नका, सोबत काय काय येईल सांगता येत नाही.

तिसरा प्रकार: "अननोन यूएसबी डिव्हाइस" आणि कोड ४३. म्हणजे टकटक ऐकू आली, पण "कोण तू?" ला धड उत्तर आलं नाही. इथे लोक ड्रायव्हर टाकत बसतात आणि तास घालवतात. नाव-नंबरच मिळाला नाही तर कॉम्प्युटर ड्रायव्हर लावणार कुणाला? हा बिघाड बहुतेक वेळा वायरीचा किंवा बोर्डाचा असतो. केबल लांब किंवा हलकी असेल तर आखूड आणि चांगली लावा. हब काढा. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून चालू करा. तरी तेच, तर डेटाच्या दोन पायांचं सोल्डर बघा. सीएच३४०जी असेल तर तिच्या शेजारचा १२ मेगाहर्ट्झचा चकचकीत क्रिस्टल बघा. बोर्ड खाली पडला असेल तर क्रिस्टल आतून तुटलेला असू शकतो, आणि तो बंद असला की चिप बोलूच शकत नाही. सीएच३४०सी मध्ये हे घड्याळ आतच असतं, म्हणून तिथे बाहेर क्रिस्टल दिसत नाही. ते पाहून "पार्ट गायब आहे" म्हणू नका.

चौथा प्रकार: कॉम पोर्ट व्यवस्थित दिसतो, पण प्रोग्रॅम चढत नाही. गिऱ्हाईक यालाही "ओळखत नाही" म्हणतं. पण हे ओळखणं नाही, हा वेगळा आजार आहे. मेनूत बरोबर बोर्ड आणि बरोबर पोर्ट निवडलाय का? दुसरा कुठला प्रोग्रॅम तोच पोर्ट धरून बसलाय का? पिन ० आणि १ वर ब्लूटूथ मॉड्यूल वगैरे जोडलंय का? ते काढा, कारण प्रोग्रॅम चढतो तो याच वाटेने. नॅनोवर "नॉट इन सिंक" असं दहा वेळा येत असेल तर मेनूत प्रोसेसरमध्ये "ओल्ड बूटलोडर" निवडा. अर्डुइनोने जानेवारी २०१८ पासून नॅनोवर नवा बूटलोडर टाकायला सुरुवात केली, पण क्लोनवर आजही जुना सापडतो. जुना ५७६०० च्या वेगाने बोलतो, नवा ११५२०० ने. वेग जुळला नाही की दोघांचं जमत नाही, बोर्ड मात्र चांगला असतो. ईएसपी३२ वर "कनेक्टिंग" पुढे नुसते ठिपके पडत असतील तर बूटचं बटण दाबून धरा.

वेगळ्या जातीचे बोर्ड

सगळ्याच बोर्डांवर दुभाष्या नसतो. प्रो मायक्रो आणि लिओनार्डोवर एटीमेगा ३२यू४ असते, ती स्वतःच यूएसबी बोलते. चुकीचा प्रोग्रॅम चढला की पोर्ट गायब होतो, आणि माणूस समजतो बोर्ड गेला. रिसेट पटकन दोनदा करा, साधारण ८ सेकंद पोर्ट दिसतो, तेवढ्यात साधा ब्लिंक चढवा. रास्पबेरी पाय पिकोवर बूटसेल बटण दाबून धरून केबल लावा. पेनड्राइव्हसारखा आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह दिसला तर बोर्ड ठीक आहे, आतला प्रोग्रॅम बदला.

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी. एलएसयूएसबी या आज्ञेत चिप दिसते पण पोर्ट उघडत नाही, तर तुमचं युजर नाव डायलआउट या गटात आहे का बघा, आणि घातल्यावर एकदा लॉगआउट करा. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा पोर्ट येऊन लगेच गायब होत असेल, तर अंधांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा त्याला आपलं यंत्र समजून धरते. त्या मशिनवर ब्रेल यंत्र कुणी वापरत नसेल तरच ती काढा.

"काल चालत होता, आज नाही"

हे वाक्य ऐकलं की गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं लगेच समजू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने नकली एफटी२३२ चिपचा वस्तू नंबर शून्य करून टाकला होता. रात्री अपडेट आलं आणि सकाळी चालते बोर्ड दिसेनासे झाले. जगभर ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ चिपचंही तसंच आहे. जुन्या किंवा नकली चिपला नवा ड्रायव्हर चालत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये "सप्लायरशी संपर्क करा" असा निरोप दिसतो. सप्लायर म्हणजे कोण? गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तुम्ही! म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आणा, तपकीर गल्लीतून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, घेताना "चिप कुठली?" हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

इथे एक फरक समजून घ्या. क्लोन बोर्ड म्हणजे नकली नव्हे. अर्डुइनोचा नकाशा खुला आहे, कुणीही बोर्ड बनवू शकतो. पण त्यावर अर्डुइनोचा लोगो छापणं किंवा चिपवर दुसऱ्या कंपनीचं नाव छापणं म्हणजे नकली. सीएच३४० असलेला क्लोन प्रामाणिकपणे क्लोन म्हणून विकला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुभाष्या जिवंत आहे का? एका वायरची परीक्षा

पोर्ट दिसतो पण मोठी चिप गेलीय की दुभाष्या, हे कळत नाही? उनो किंवा नॅनोवर रिसेट पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे मोठी चिप झोपून राहील. मग पिन ० आणि पिन १ एकमेकांना जोडा. सिरियल मॉनिटर उघडून काहीही टाइप करा. तेच अक्षर परत आलं तर केबल, दुभाष्या आणि ड्रायव्हर तिन्ही पास. दोष बूटलोडरमध्ये, मोठ्या चिपमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. अक्षर परत आलं नाही तर दुभाष्याच्या बाजूला शोधा. दोन तुकडे वायर आणि एक मिनिट, बस.

आता मुद्द्याची गोष्ट: आतला प्रोग्रॅम कुणाचा आहे?

मागच्या सीझनला कोंबडीपालन करणारे एक काका दुकानात आले. हातात नॅनो, चेहरा उतरलेला. त्यांचं अंडी उबवायचं मशीन घरगुती बनावटीचं. पुतण्याच्या मित्राने कंट्रोलर करून दिला होता, तो मुलगा आता बंगळूरला नोकरीला आणि त्याच्याकडेही कोड उरलेला नाही. नॅनो मधूनमधून बंद पडत होता. मशीनमध्ये दोनशेवर अंडी, दिवस पंधरावा. कोंबडीचं अंडं २१ दिवस घेतं. आधीच्या दुकानात त्यांना सांगितलं होतं, "लॅपटॉप ओळखत नाही, बोर्ड मेला. नवीन घ्या, हा टाका कचऱ्यात."

काका मला म्हणाले, "तुम्ही नवीनच द्या, पैशाचं काही नाही. पण आज चालू झालं पाहिजे."

मी म्हटलं, "काका, नवीन देतो. पण नवीन बोर्ड कोरा असतो. तुमचं तापमान किती ठेवायचं, अंडी कधी फिरवायची, हे त्याला काहीच माहीत नसणार. ते सगळं या जुन्यातच आहे. हा टाकू नका."

"मग आता?"

"घरी फोन करा. मशीनचं झाकण कुणी उघडायचं नाही, वरून जाड गोधडी टाका. थोडा वेळ ऊब टिकेल."

मग बोर्ड बघितला. सॉकेट हलत होता. मशीनमध्येही त्याला वीज त्याच सॉकेटमधून, मोबाइल चार्जरने मिळत होती. म्हणजे मधूनमधून बंद पडणं आणि लॅपटॉपला न दिसणं, दोन्हीचं मूळ एकच असणार: तडकलेलं सोल्डर. पण मी लगेच इस्त्री लावली नाही, म्हणजे सोल्डरिंग आयर्न हो! गरम करताना बोर्डाला काही झालं असतं तर प्रोग्रॅम कायमचा गेला असता. म्हणून आधी कॉपी, मग सोल्डर.

कॉपी कशी केली ते सांगतो. एक चालू उनो घ्या आणि त्यात "अर्डुइनो आयएसपी" हे तयार उदाहरण चढवा. मग उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस रिसेटकडे. उनोची पिन १० नॅनोच्या रिसेटला. ११ ला ११, १२ ला १२, १३ ला १३. ५ व्होल्टला ५ व्होल्ट, ग्राउंडला ग्राउंड. यात नॅनोच्या यूएसबीचा संबंधच येत नाही, सरळ मोठ्या चिपशी बोलणं होतं. मग एव्हीआरड्यूडने फ्लॅश आणि ईईप्रॉम दोन्ही वाचून फाइलमध्ये ठेवा. आज्ञेतलं अक्षर दोनदा तपासा. आर म्हणजे वाच, डब्ल्यू म्हणजे लिही. एका अक्षराने जतनाच्या जागी नाश होतो.

फाइल हातात आल्यावर ती नव्या नॅनोत लिहिली, त्यांच्या मशीनची सेटिंग असलेला ईईप्रॉमही लिहिला आणि डिस्प्लेवर आकडे आले की नाही ते बघितलं. मग जुन्याचं सॉकेट सोल्डर केलं, तोही दिसायला लागला. काका एक बोर्ड मशीनमध्ये आणि एक राखीव घेऊन गेले. नव्या बोर्डाचे पैसे आणि कामाची मजुरी, दोन्ही मी बिलावर वेगवेगळं लिहून घेतलं. मजुरी घ्यायला लाजू नका, तिथे विकलं गेलं ते ज्ञान.

यातून तीन नियम घ्या.

एक. बोर्ड घेताना पहिला प्रश्न, "याचा कोड तुमच्याकडे आहे का?" उत्तर "नाही" असेल तर तो बोर्ड कचरा नाही, तो एकुलता एक कागद आहे. तसंच वागवा.

दोन. "बर्न बूटलोडर" हे बटण उपाय म्हणून सगळीकडे सुचवलेलं दिसतं. ते दाबलं की आधी चिप पूर्ण पुसली जाते, प्रोग्रॅम जातो आणि ईईप्रॉममधली सेटिंगही जाते. कोड हातात नसेल तर कॉपी झाल्याशिवाय त्या बटणाकडे बघायचं नाही. बनवणाऱ्याने लॉक लावलेला असेल तर कॉपी वाचता येत नाही, तेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आणि कॉपी त्याच्याच मशीनसाठी वापरा. दुसऱ्याचा प्रोग्रॅम काढून विकणं हा धंदा नाही, चोरी आहे.

तीन. कंट्रोलर २३० व्होल्टला जोडलेला असताना त्यातल्या बोर्डाला लॅपटॉप कधीही लावू नका. स्वस्त कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसत्या कपॅसिटरवरून वीज उतरवलेली असते. त्यात ग्राउंडच्या वायरवरही मेनचा करंट असू शकतो. लॅपटॉप जाईल, आणि माणूसही जाऊ शकतो. आधी प्लग भिंतीतून काढा, मग बोर्ड सॉकेटमधून बाहेर काढा, मगच केबल.

दुकानात लावायची शिस्त

एक वही करा. पाच रकाने: तारीख, बोर्ड आणि चिप, लक्षण, खरा बिघाड, काय केलं. तीन महिन्यांनी वही उघडली की कुठल्या लॉटचे सॉकेट ढिले आहेत आणि कुठल्या केबली परत येतात ते तुमच्याच अक्षरात दिसेल. सप्लायरशी बोलताना ही वही समोर ठेवा. "माल खराब आहे" यापेक्षा "या लॉटच्या वीसपैकी चार बोर्डांचं सॉकेट सुटलं" याला वजन असतं.

विकतानाच बोर्ड गिऱ्हाइकासमोर लावून दाखवा. पोर्ट आला, ब्लिंक चालला, बिलावर "तपासून दिला, चिप सीएच३४०" लिहा. एक मिनिट जातं, पण उद्याचा वाद मिटतो. सोबत डेटाची केबल द्या आणि तिचे पैसे वेगळे लावा.

"बोर्ड मेला" हे वाक्य तोंडातून कधी काढायचं? दोन तपासलेल्या केबल, दोन पोर्ट, दोन कॉम्प्युटर, सॉकेटची भिंगातून तपासणी, आणि आयएसपीनेही उत्तर नाही. एवढं झाल्यावरच. आणि तेव्हाही गिऱ्हाइकाला काय काय तपासलं ते सांगा. परीक्षेच्या आदल्या दिवशी आलेल्या पोराला किंवा मशीन बंद पडलेल्या शेतकऱ्याला "नाही होणार" हेही स्पष्ट कळलं तर तो पुढची सोय करू शकतो. अर्धवट उत्तराने त्याची रात्र वाया जाते.

आजचा गृहपाठ: दुकानातल्या "खराब" डब्यात पडलेले बोर्ड बाहेर काढा. याच क्रमाने प्रत्येकाला दहा मिनिटं द्या आणि वहीत लिहा. जे उठतील ते तुमची राखीव टेस्टिंगची पुंजी. जे नाही उठले त्यांचे क्रिस्टल, डायोड आणि पिना उपयोगी पडतील. पुढच्या भागात तपासणीच्या मजुरीचा दर कसा ठरवायचा ते बघू. तोवर हिरवी टेप घेऊन या!